किरणोत्सारी औषध हाडाला कसे धरते : हॉट लॅबमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

न्यूक्लिअर मेडिसिन विभागाच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीत, नव्याने रुजू झालेल्या तंत्रज्ञाला पहिल्याच आठवड्यात बोन स्कॅनच्या, म्हणजे अशा औषधाने हाडांचे चित्र घेण्याच्या, सूचनांची एक लांबलचक यादी मिळते. किटच्या (औषधाच्या तयार भुकटीच्या) कुपीत हवा जाऊ देऊ नये, मिश्रण केल्यावर काही मिनिटे थांबावे, इंजेक्शननंतर रुग्णाला भरपूर पाणी पाजावे, सुमारे तीन तासांनी कॅमेऱ्याखाली घ्यावे आणि त्याआधी लघवीला पाठवावे, अशा त्या सूचना असतात. यादी पाठ करून रोजचे काम निभावते, यात शंका नाही. परंतु एखाद्या दिवशी चित्र बिघडते, मानेत किंवा यकृतात नको ती चमक दिसते, आणि मग यादी हातात असूनही चूक कोठे झाली ते सांगता येत नाही. हाडाच्या खनिजावर औषधाचा रेणू नेमका कसा बसतो हे एकदा समजले, की यातील बहुतेक सूचना आपोआप सुचतात आणि बिघाडाचे कारणही चित्रातच वाचता येते. म्हणून या लेखात प्रत्येक कृती त्या खनिजाच्या पृष्ठभागापासून सुरू करून समजावली आहे. प्रत्यक्ष काम मात्र अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेल्या विभागातच, तेथील सुरक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि किटसोबत आलेल्या पत्रकानुसारच करावयाचे असते, हे येथेच सांगून ठेवतो.

आधी पृष्ठभाग समजून घ्यावा

वाळलेल्या हाडाच्या वजनाचा साधारणपणे ६० ते ७० टक्के भाग खनिजाचा असतो आणि उरलेला मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट. कॅल्शियमचे दहा आयन, फॉस्फेटचे सहा आणि हायड्रॉक्सिलचे दोन असे त्याचे आदर्श सूत्र पुस्तकात दिलेले असते. जिवंत हाडातील खनिज इतके शुद्ध नसते. त्यात फॉस्फेटच्या काही जागी कार्बोनेट शिरलेले असते, सोडियम आणि मॅग्नेशियम असते, आणि स्फटिकाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा एक थर धरलेला असतो, ज्यातील आयनांची भोवतालच्या द्रवाशी सतत देवाणघेवाण चाललेली असते.

येथे ध्यानात ठेवण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे स्फटिकांचा आकार. ते चपट्या कपच्यांसारखे, जाडीला काही नॅनोमीटर आणि लांबीला काही दशक नॅनोमीटर एवढेच असतात. पदार्थ जितका बारीक तितके त्याचे पृष्ठफळ अधिक, हे तत्त्व खलात औषध घोटणाऱ्या वैद्यालाही ठाऊक होते. हाडातील एक ग्रॅम खनिजाचे पृष्ठफळ शंभर चौरस मीटरच्या घरात जाते. रक्तातून आलेल्या अतिसूक्ष्म मात्रेतील औषधाला बसण्यासाठी एवढी विस्तीर्ण जागा शरीरात हाडाखेरीज कोठेही नाही.

तरीही ही सगळी जागा उघडी नसते. जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या हाडात स्फटिक एकमेकांना व कोलॅजेनला इतके चिकटून रचलेले असतात की द्रवाला आत शिरण्यास वाव उरत नाही. याउलट जेथे अस्थिजनक पेशी नवे हाड घालत असतात तेथे स्फटिक लहान, अपूर्ण, पाण्याने वेढलेले आणि रक्तापासून जवळ असतात. औषध जाऊन बसते ते मुख्यतः या नव्या खनिजाच्या आघाडीवर. बोन स्कॅनमध्ये जे दिसते ते हाड किती आहे याचे माप नसून हाड कोठे बांधले जात आहे याचा नकाशा असतो, आणि विद्यार्थ्यांनी सर्वांत आधी हेच मनात ठसवावे असे मला वाटते.

जागा घेणे आणि पकड घेणे

अस्थिगामी औषधे खनिजाशी दोन रीतींनी जोडली जातात. पहिल्या रीतीत औषधाचा आयन खनिजातील मूळ आयनाची जागा घेतो. स्ट्रॉन्शियम आणि रेडियम ही मूलद्रव्ये आवर्तसारणीत कॅल्शियमच्याच उभ्या स्तंभात खाली बसतात, त्यांच्यावर कॅल्शियमसारखाच दोन एककांचा धनभार असतो, आणि शरीर त्यांना कॅल्शियम समजूनच वागवते. कॅल्शियम आयनाची त्रिज्या सुमारे ०.१०० नॅनोमीटर, तर स्ट्रॉन्शियमची सुमारे ०.११८ नॅनोमीटर आहे, म्हणजे पाहुणा घरच्यापेक्षा थोडाच मोठा. फ्लोराइडचा आयन त्याच न्यायाने हायड्रॉक्सिलची जागा घेतो, कारण दोघांवर एक ऋणभार आहे आणि दोघांच्या त्रिज्या ०.१३३ व ०.१३७ नॅनोमीटर, म्हणजे जवळपास सारख्या आहेत. फॉस्फरस-३२ हा रक्तातील फॉस्फेटच्या रूपाने खनिजात जातो.

दुसरी रीत पकडीची आहे. येथे औषध स्फटिकाच्या आत शिरत नाही, तर पृष्ठभागावर उघड्या असलेल्या कॅल्शियम आयनांना आपल्या ऑक्सिजन अणूंनी घट्ट धरून बसते. याला रासायनिक अधिशोषण म्हणतात. हे काम करणारा रेणू म्हणजे डायफॉस्फोनेट. ज्या घरी बोअरवेलचे पाणी तापवले जाते त्या घरच्या गीझरमध्ये साचणारा पांढरा क्षार सर्वांनी पाहिलेला असतो. असा थर धरू नये म्हणून उद्योगधंद्यांत जी संयुगे पाण्यात टाकत, त्यांत याच कुळातील संयुगे होती. ती क्षाराच्या कोवळ्या स्फटिकावर जाऊन बसतात आणि त्याची वाढ रोखतात. शरीरातही असा एक रेणू निसर्गतःच आहे. त्याचे नाव पायरोफॉस्फेट, आणि त्यात दोन फॉस्फेट गट मधल्या एका ऑक्सिजनने जोडलेले असतात. अडचण अशी, की हा ऑक्सिजनचा दुवा शरीरातील विकरे सहज तोडतात. त्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवला की डायफॉस्फोनेट तयार होते, ज्याचा दुवा विकरांना तोडता येत नाही, पण कॅल्शियम धरण्याची ताकद मात्र शाबूत राहते. मधल्या कार्बनवर आणखी एक हायड्रॉक्सिल गट असेल तर पकड अधिक पक्की होते, कारण कॅल्शियमला धरायला दोनाऐवजी तीन टोके मिळतात.

टेक्नेशियम स्वतः हाडाला ओळखत नाही

बोन स्कॅनमध्ये प्रकाश देणारा अणू टेक्नेशियम-९९एम हा असतो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ, सुमारे ६ तास असून तो १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण सोडतो, जे शरीराबाहेर येण्याइतके समर्थ आणि गॅमा कॅमेऱ्याच्या स्फटिकात अडण्याइतके सौम्य असतात. मॉलिब्डेनम-९९ पासून, ज्याचा अर्धायुकाल ६६ तासांचा आहे, तो जनरेटरमध्ये सतत तयार होत राहतो आणि सलाईन सोडून रोज सकाळी काढून घेतला जातो. मात्र जनरेटरमधून तो पर्टेक्नेटेट या ऋणभारित रूपात बाहेर येतो, आणि या रूपाला हाडाचे काहीही आकर्षण नसते. शरीर त्याला आयोडाइडसारखे वागवते आणि तो थायरॉइड, लालाग्रंथी व जठराकडे जातो.

किटमधील स्टॅनस क्लोराइडचे काम येथे येते. कथिलाचा हा क्षार पर्टेक्नेटेटला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे क्षपण करतो, म्हणजे टेक्नेशियमची ऑक्सिडीकरण अवस्था अधिक सातवरून खाली, मुख्यतः अधिक चारवर आणतो. या खालच्या अवस्थेतील टेक्नेशियमला डायफॉस्फोनेटचे ऑक्सिजन अणू धरतात, आणि त्याच डायफॉस्फोनेटचे उरलेले ऑक्सिजन अणू पुढे खनिजातील कॅल्शियमला धरायला मोकळे राहतात. टेक्नेशियम आणि हाड यांच्यातील सारा संबंध या दुहेरी पकडीवर उभा आहे. टेक्नेशियमला पॉलिफॉस्फेटशी जोडून सांगाडा पाहता येतो हे १९७१ मध्ये गोपाल सुब्रमणियन आणि जे. जी. मॅकाफी यांनी अमेरिकेतील सिरॅक्यूज येथून प्रसिद्ध केले, आणि १९७५ मध्ये सुब्रमणियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथिलीन डायफॉस्फोनेट, म्हणजे रोजच्या बोलण्यातले एमडीपी, पुढे आणले. इतकी वर्षे लोटूनही जगभरच्या विभागांत हेच औषध वापरात आहे.

किट तयार करताना

सकाळी जनरेटरमधून द्रव काढल्यावर त्यात मॉलिब्डेनम आणि ॲल्युमिनियम उतरले आहे का ते आधी तपासावे. मॉलिब्डेनमची मर्यादा टेक्नेशियमच्या दर मेगाबेकरेलमागे ०.१५ किलोबेकरेल (बेकरेल हे किरणोत्साराचे एकक) इतकी असते, तर ॲल्युमिनियमची सामान्यतः दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. मॉलिब्डेनमची तपासणी रुग्णाला अनावश्यक किरणोत्सर्ग मिळू नये म्हणून करतात. ॲल्युमिनियमची तपासणी मात्र थेट आपल्या विषयाशी जोडलेली आहे, कारण ॲल्युमिनियमचे आयन टेक्नेशियमचे सूक्ष्म कलिल, म्हणजे द्रवात तरंगणारे बारीक कण, बनवतात आणि ते कण हाडाऐवजी यकृतात जाऊन अडकतात.

जनरेटर दोन-तीन दिवस काढलाच नसेल, उदाहरणार्थ जोडून सुट्ट्या आल्यानंतर, तर पहिला द्रव किटसाठी वापरताना विचार करावा. या काळात टेक्नेशियम-९९एम क्षय पावून टेक्नेशियम-९९ साचलेले असते, ज्याचा अर्धायुकाल दोन लाख वर्षांहून अधिक आहे. मोजयंत्राला ते जवळजवळ दिसत नाही, पण रासायनिकदृष्ट्या ते त्याच पर्टेक्नेटेटच्या रूपात असते आणि कथिलाचे इलेक्ट्रॉन तेही खाते. त्यामुळे मोजमापात आकडा योग्य दिसूनही किटमधील कथिल अपुरे पडू शकते. अशा वेळी एकदा जनरेटर काढून तो द्रव बाजूला ठेवावा आणि काही तासांनी पुन्हा काढलेला वापरावा.

आता कुपी. किटच्या कुपीत औषधाची कोरडी भुकटी असते आणि वर नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरलेला असतो. कुपी शिशाच्या कवचात ठेवावी, रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्यावे, आणि ठरलेल्या मात्रेतील पर्टेक्नेटेट सिरिंजने आत सोडून सुई बाहेर काढण्यापूर्वी तेवढ्याच आकारमानाचा वायू परत ओढून घ्यावा, म्हणजे कुपीतला दाब वाढत नाही. दाब कमी करण्यासाठी बुचात दुसरी मोकळी सुई कधीही खोचू नये. हवेतील ऑक्सिजन आत गेला की कथिलाचे ऑक्सिडीकरण होते, टेक्नेशियमला इलेक्ट्रॉन मिळत नाहीत, आणि पर्टेक्नेटेट तसेच राहते. द्रव विरळ करायचा असल्यास परिरक्षक नसलेले सलाईनच घ्यावे. त्यानंतर कुपी हलवून भुकटी पूर्ण विरघळवावी आणि पत्रकात सांगितलेली मिनिटे थांबावे, कारण क्षपण आणि जोडणी या दोन्ही क्रियांना वेळ लागतो.

माझ्या शिकाऊ काळात मी हीच चूक केली. सिरिंजचा दट्ट्या जड लागतो म्हणून मी बुचात मोकळी सुई खोचली आणि घाईत गुणवत्ता तपासणी पुढे ढकलली. दुपारी पहिल्या रुग्णाच्या चित्रात मान आणि पोट उजळलेले दिसले व बरगड्या फिक्या. त्या कुपीतून ज्यांना इंजेक्शन दिले होते त्या सर्वांना पुन्हा बोलवावे लागले. त्यात एक वृद्ध गृहस्थ होते, ज्यांना पाठीच्या दुखण्यामुळे गाडीत बसणेही कठीण होते. त्यांना दुसऱ्यांदा तो प्रवास माझ्यामुळे करावा लागला, हे मी विसरू शकलो नाही, आणि म्हणूनच पुढचा परिच्छेद जरा विस्ताराने लिहितो आहे.

कुपीतून पहिला डोस काढण्यापूर्वी वर्णलेखनाच्या (क्रोमॅटोग्राफीच्या) दोन पट्ट्या लावाव्यात. पहिल्या पट्टीवर थेंब ठेवून ती ॲसिटोनमध्ये उभी करावी. मोकळे पर्टेक्नेटेट ॲसिटोनबरोबर वर चढते, तर जोडलेले औषध आणि कलिल तळाशीच राहतात. दुसरी पट्टी सलाईनमध्ये उभी करावी. येथे औषध आणि पर्टेक्नेटेट दोन्ही वर जातात आणि फक्त कलिल तळाशी उरते. पहिल्या पट्टीच्या वरच्या टोकाची टक्केवारी आणि दुसरीच्या तळाची टक्केवारी यांची बेरीज शंभरातून वजा केली की खरोखर जोडलेल्या औषधाचे प्रमाण मिळते. समजा पहिली २ टक्के आली आणि दुसरी १.५ टक्के, तर औषध ९६.५ टक्के जोडलेले आहे. विभाग सहसा ९५ टक्क्यांची अट ठेवतात, आणि प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली गेलेली कुपी तर बाजूलाच ठेवावी. पट्टी कापणे, थेंब सुकणे, मोजणे हे सारे धरून काही मिनिटांचे काम आहे. दिवस कितीही गर्दीचा असला तरी ती मिनिटे काढावीत.

इंजेक्शन आणि थांबण्याचा काळ

प्रौढ रुग्णाला सामान्यतः ७४० ते १,११० मेगाबेकरेल, म्हणजे २० ते ३० मिलिक्युरी, इतकी मात्रा शिरेतून देतात. मुलांना वजनानुसार कमी. तक्रार ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध हाताची शीर निवडावी आणि शेवटी सलाईनने सुई धुवावी. औषध शिरेबाहेर सांडले तर ते त्या जागी साचतेच, शिवाय लसीकावाहिन्यांतून काखेतील गाठीपर्यंत पोहोचून तेथे खोटी चमक देते. असे झाल्याचा जरा जरी संशय आला तरी त्याची नोंद फॉर्मवर करावी, कारण चित्र वाचणारे डॉक्टर त्या वेळी खोलीत नसतात.

औषध रक्तात गेल्यावर काय होते ते टप्प्याटप्प्याने पाहू. ते केशवाहिन्यांमधून पेशींभोवतीच्या द्रवात उतरते, तेथून हाडाच्या पृष्ठभागाला वेढणाऱ्या द्रवात जाते, आणि उघडे खनिज भेटले की तेथे बसते. हाडाचा वाटा साधारणपणे पहिल्या तासाभरातच बव्हंशी पूर्ण होतो. मग आपण तीन तास का थांबतो, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतोच आणि तो योग्यच आहे. उत्तर हाडात नसून बाकीच्या शरीरात आहे. रक्तात आणि स्नायूंमध्ये न बसलेले औषध फिरत असते, आणि ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडेपर्यंत हाडाचे चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे येते. दिलेल्या मात्रेचा सुमारे एक तृतीयांश ते निम्मा भाग हाडात उरतो आणि बाकीचा मुख्यतः लघवीतून जातो. पाणी पाजणे आणि वारंवार लघवीला पाठवणे यांचा उपयोग येथे आहे. त्याने मूत्राशयाला मिळणारा किरणोत्सर्गही कमी होतो, आणि भरलेल्या मूत्राशयामागे ओटीपोटाची हाडे झाकली जात नाहीत. तीन तासांत टेक्नेशियमचा सुमारे २९ टक्के भाग क्षय पावलेला असतो, म्हणजे ७४० मेगाबेकरेल दिले असतील तर क्षयाचाच हिशेब धरता साधारण ५२० मेगाबेकरेल उरतात. स्वच्छ पार्श्वभूमीच्या बदल्यात एवढी घट सोसण्यासारखी आहे. मूत्रपिंडे मंद असलेल्या रुग्णात धुके उशिरा निवळते, तेव्हा आणखी थांबावे.

घेत असलेल्या औषधांची चौकशी याच वेळी करावी. हाडाच्या ठिसूळपणासाठी दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधे (डायफॉस्फोनेटच्याच कुळातली) खनिजाच्या त्याच जागांवर बसतात. विशेषतः एटिड्रोनेटमुळे स्कॅन फिका येऊ शकतो. नुकतीच शिरेतून लोहाची इंजेक्शने झाली असतील तर तेही विचारावे, कारण जादा लोहही औषधाचे शरीरातील वाटप बिघडवते.

चित्र खनिजाच्या भाषेत वाचावे

कर्करोगाच्या पेशी हे औषध घेत नाहीत. ही गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांना समजावताना तर सांगावीच, पण ती स्वतः विसरू नये. गाठ हाडात शिरल्यावर भोवतालचे हाड स्वतःची डागडुजी करू लागते, नवे खनिज घालते, रक्तपुरवठा वाढतो, आणि औषध त्या डागडुजीवर बसते. प्रोस्टेटच्या कर्करोगात ही प्रतिक्रिया जोरदार असते, म्हणून तो ठळक दिसतो. मल्टिपल मायलोमा या मज्जेच्या कर्करोगात हाड नुसते पोखरले जाते आणि अस्थिजनक पेशी दबलेल्या राहतात, म्हणून क्ष-किरण चित्रात हाडाला भोके पडलेली दिसत असतानाही स्कॅन कोरा येऊ शकतो. अस्थिभंग, सांध्यांची झीज आणि वाढत्या वयातील मुलांच्या हाडांची टोकेही याच न्यायाने उजळतात.

उपचार लागू पडल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी घेतलेल्या स्कॅनमध्ये कधीकधी जुने डाग अधिक ठळक झालेले आढळतात, कारण बरे होणारे हाड आता अधिक खनिज घालत असते. अशा चित्राला रोग वाढला असे घाईने म्हणू नये. उलट सारा सांगाडा एकसारखा, अतिशय ठळक आणि मूत्रपिंडे जवळजवळ अदृश्य असे चित्र आले, तर ते उत्तम चित्र समजून खूश होऊ नये. हाडानेच बहुतेक औषध ओढून घेतले, मूत्रपिंडांना काही उरले नाही, आणि रोग सर्वत्र पसरला आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

तंत्रज्ञाने स्वतःच्या कामाची परीक्षाही याच चित्रात घ्यावी. थायरॉइड, लालाग्रंथी आणि जठर उजळले असेल तर मोकळे पर्टेक्नेटेट, म्हणजे बहुधा हवा. यकृत आणि प्लीहा सर्वदूर उजळले असेल तर कलिल, म्हणजे ॲल्युमिनियमची तपासणी पुन्हा पाहावी. मांडीवर एकाकी डाग असेल तर आधी कपडे बदलून, त्वचा पुसून पुन्हा चित्र घ्यावे, कारण लघवीचा एक थेंबही गाठीसारखा दिसतो.

फ्लोराइडची वेगळी वाट

फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये तयार होतो आणि त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटांचा आहे. त्याला किट लागत नाही, क्षपण लागत नाही. मॉन्टे ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हाडासाठी १९६२ मध्येच सुचवला होता, म्हणजे तो टेक्नेशियमच्या औषधांच्याही आधीचा आहे. पेट कॅमेरे सर्वत्र आल्यावर त्याला दुसरे आयुष्य मिळाले. फ्लोराइड रक्तातील प्रथिनांना फारसा चिकटत नाही, लहान असल्याने झटकन केशवाहिन्यांबाहेर पडतो, आधी खनिजाच्या पाणथर पृष्ठभागावर येतो आणि मग हायड्रॉक्सिलची जागा घेऊन फ्लोरॲपेटाइट बनवतो. पार्श्वभूमी लवकर निवळत असल्याने पाऊण ते एका तासातच चित्र घेता येते. दातांच्या पेस्टमधील फ्लोराइड दाताच्या खनिजाशी जे करतो, त्याच प्रकारची ही अदलाबदल आहे. मात्र फ्लोराइड इतका संवेदनशील आहे की मणक्यांतील किरकोळ झीजही तो ठळक दाखवतो, त्यामुळे त्याच्या चित्रासोबतचा सीटी नीट पाहिल्याविना निष्कर्ष काढू नये.

वेदनेवर उपचार करणारी औषधे

हाडांत पसरलेल्या कर्करोगाची वेदना ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या औषधांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तत्त्व तेच, फक्त गॅमा किरणांऐवजी येथे बीटा किंवा अल्फा कण काम करतात, आणि ते जेथे बसतील तेथेच ऊर्जा टाकतात.

स्ट्रॉन्शियम-८९ चा हाडासाठीचा पहिला उपयोग १९४० च्या दशकाच्या सुरुवातीस बर्कली येथे चार्ल्स पेशर यांनी केला. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५०.५ दिवसांचा असून प्रौढाला साधारण १४८ मेगाबेकरेल देतात. तो कॅल्शियमची जागा घेतो, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या किमान दोन आठवडे आधी थांबवाव्यात. रक्तात कॅल्शियमची गर्दी असेल तर त्याच जागांसाठी स्पर्धा होते. रोगग्रस्त भागातून तो फार सावकाश निघतो, तर निरोगी हाडातून बराच लवकर, आणि या फरकावरच उपचाराचा फायदा अवलंबून आहे.

समेरियम-१५३ ची गोष्ट पकडीची आहे. मोकळा समेरियम आयन रक्तात दिला तर त्याचा बराच भाग यकृतात जाईल, म्हणून त्याला चार फॉस्फोनेट गट असलेल्या ईडीटीएमपी या रेणूत बांधतात, आणि हा रेणू मुद्दाम खूप जास्त प्रमाणात ठेवतात, म्हणजे धातू वाटेत सुटत नाही. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४६ तास आहे, मात्रा दर किलो वजनाला ३७ मेगाबेकरेल, आणि तो १०३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरणही सोडत असल्याने औषध कोठे बसले ते कॅमेऱ्याखाली पाहता येते. आपल्याकडे समेरियम-१५३ आणि त्याच्याच जातीचा ल्युटेशियम-१७७ हे मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याने तयार होतात आणि वाशीच्या ब्रिट (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) या संस्थेमार्फत रुग्णालयांना पोहोचतात. ल्युटेशियमचा अर्धायुकाल साडेसहा दिवसांहून थोडा अधिक असल्याने दूरच्या शहरांपर्यंत नेताना तो वाटेतच संपून जात नाही, ही मोठी सोय आहे. या कोणत्याही औषधानंतर पहिल्या काही दिवसांत वेदना थोडी वाढू शकते, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो घाबरतो.

रेडियम-२२३ बद्दल बोलताना रेडियमचा जुना इतिहास टाळता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करीत. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमच्या जागी त्यांच्या हाडांत बसले, आणि त्याने त्यांचे जबडे सडले, अनेकींचे प्राण गेले. ते रेडियम-२२६ होते, ज्याचा अर्धायुकाल १,६०० वर्षांचा आहे, म्हणजे त्या मुलींच्या आयुष्यात ते संपणारच नव्हते. औषध म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले रेडियम-२२३ अवघ्या ११.४ दिवसांत निम्मे होते. खनिजात बसण्याची रीत दोघांची एकच आहे. फरक आहे तो काळाचा. रेडियम-२२३ च्या क्षयमालिकेत चार अल्फा कण सुटतात. त्यांची धाव मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे मोजक्या पेशींपुरती असते, त्यामुळे खनिजाला लागून असलेल्या गाठीच्या पेशी मरतात आणि मज्जेचा बराचसा भाग वाचतो. मालिकेतील पहिले अपत्य रेडॉन-२१९ हा वायू आहे. वायू हाडातून निसटेल अशी शंका येणे साहजिक आहे, पण त्याचा अर्धायुकाल अवघा सुमारे ४ सेकंदांचा असल्याने त्याला दूर जायला वेळच मिळत नाही.

रेडियम-२२३ ची मात्रा दर किलो वजनाला ५५ किलोबेकरेल असून चार-चार आठवड्यांच्या अंतराने सहा इंजेक्शने देतात. हाडात न बसलेला भाग लघवीऐवजी मुख्यतः आतड्यावाटे बाहेर पडतो, म्हणून घरच्यांना शौचालयाची स्वच्छता, हातमोजे आणि हात धुणे यांबद्दल लेखी सूचना द्याव्यात, आणि बद्धकोष्ठता असेल तर ती आधी दूर करावी. प्रत्येक इंजेक्शनापूर्वी रक्ततपासणीचा ताजा अहवाल हातात असला पाहिजे. पहिल्या वेळी न्यूट्रोफिल पेशी दर मायक्रोलिटरमागे किमान १,५००, प्लेटलेट किमान १ लाख आणि हिमोग्लोबिन दर डेसिलिटरमागे किमान १० ग्रॅम असावे. पुढच्या वेळी न्यूट्रोफिल किमान १,००० आणि प्लेटलेट किमान ५० हजार असावेत. हे आकडे स्वतः वाचून फॉर्मवर लिहावेत आणि त्याखाली डॉक्टरांची सही घेतल्यानंतरच सिरिंज भरावी.